दामलेमामा आणि आमचा फायनल इयर प्रोजेक्ट

मित्रहो, आधी एक कबुली देतो. लहानपणी आजीबरोबर टीव्हीवर ‘संत तुकाराम’ बघताना सुरुवातीच्या पाटीवर ‘दामले-फत्तेलाल’ असं यायचं, आणि हे एकाच माणसाचं नाव आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ही दोन माणसं आहेत, त्यांतला एक पेणचा ब्राह्मण आणि दुसरा आपल्या कागलचा मुसलमान, आणि दोघांची सगळी उमेद याच कोल्हापुरात घडली, हे कळायला फायनल इयरचा रिव्ह्यू यावा लागला.

झालं असं की आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला होता एका मोबाइल अॅपचा. वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलचे व्हिडिओ, आणि त्यावर बोलणं मराठी, हिंदी की इंग्रजी ते विद्यार्थ्याने निवडायचं. चित्र एक, आवाज तीन. डोकं लावून आम्ही चित्राला एक प्लेअर ठेवला, आवाजाला दुसरा, आणि बटण दाबलं की दोघांना एकदम सुरू करायचं. पहिलं मिनिट एकदम झकास! पण होस्टेलचं नेट म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. मध्येच व्हिडिओ अडकायचा, गोल गोल फिरायचा, आणि आवाज मात्र बिनधास्त पुढे जायचा. रिव्ह्यूच्या दिवशी पाचव्या मिनिटाला आवाज सांगत होता की मशीन थांबलं आहे, आता जॉब हाताने काढा. आणि पडद्यावर लेथचा चक गरागरा फिरत होता. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. हे बघून एखाद्या फर्स्ट इयरच्या पोराने चालू चकात हात घातला तर काय, एवढंच त्यांनी विचारलं आणि मार्कांची शीट बंद केली. जाता जाता त्यांनी सांगितलं की ही अडचण याच गावात नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवली होती, अॅप नंतर करा, आधी दामलेमामांचं वाचून या.

तर हा लेख म्हणजे त्या शिक्षेचं फळ.

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, पेणचा. पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती. मातीला आकार देणारं गाव. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे प्रश्नच नव्हता. जे शिकले ते हातांनी शिकले. तरुणपणी ते कोल्हापुरात आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या दोघा मेस्त्री भावांच्या संगतीत पडले. हे दोघे चुलतभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्या काळी नाटकाचा पडदा ही साधी गोष्ट नव्हती. राजवाडा, अरण्य, रस्ता असा देखावा असा उभा करायचा की मागच्या रांगेतल्या माणसालाही खोली जाणवावी. दामल्यांचे हात त्या कामावर तयार झाले. तिथेच त्यांची गाठ शेख फत्तेलाल यांच्याशी पडली. फत्तेलाल ‘साहेबमामा’ आणि दामले ‘दामलेमामा’. ही जोडी पुढे आयुष्यभर फुटली नाही. सिनेमाच्या धंद्यात हे किती दुर्मिळ आहे ते सांगायला नको. आमचा चौघांचा ग्रुप दोन सेमिस्टर टिकला हेच नवल.

पेंटर बंधूंना सिनेमाचं वेड लागलं ते दादासाहेब फाळक्यांचा काळ सुरू झाल्यावर. पण सिनेमा काढायला कॅमेरा लागतो, आणि कॅमेरा मिळतो विलायतेत. पैसा नाही, ओळख नाही. मग या मंडळींनी प्रोजेक्टर उघडून बघितला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा आतून सख्खे भाऊ असतात हे त्यांच्या लक्षात आलं. दोन्हीत फिल्म दात्यांवरून एकेक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, शटर उघडतं, मिटतं, आणि पुढची चौकट येते. फरक एवढाच की एकात प्रकाश बाहेर जातो आणि दुसऱ्यात आत येतो. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं. ते बाबूरावांनी पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापूरचा स्वतःचा कॅमेरा चालू झाला. या खटपटीत दामले त्यांच्या बरोबर होते. खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, ज्याच्या शेजारी आपण वडापाव खायला उभे राहतो, तो या बाबूरावांच्या आठवणीचा.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला आणि गाजला. त्या कंपनीत दामले-फत्तेलाल दहाएक वर्षं राबले. १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ या मूकपटाचं दिग्दर्शनही दोघांनी मिळून केलं. याच कंपनीत व्ही. शांताराम नावाचा मुलगा उमेदवारी करत होता.

मग १ जून १९२९ ला या मंडळींनी कोल्हापुरातच वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं प्रभात फिल्म कंपनी. भागीदार पाच : दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी. पहिला मूकपट ‘गोपालकृष्ण’. त्यानंतर आणखी काही. कंपनी बाळसं धरत होती. आणि नेमक्या त्याच वेळी १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. सिनेमा बोलायला लागला!

इथे जरा थांबून विचार करा. तुमच्याकडे दोन वर्षांची कंपनी आहे. हातातली सगळी विद्या मूकपटाची आहे. आणि एका शुक्रवारी किंवा शनिवारी बाजारात अशी वस्तू येते की तुमची विद्या जुनी होते. बोलपट हे चार दिवसांचं खूळ आहे, असं तेव्हा अनेकांना वाटलं, खुद्द शांतारामांनाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. पण लोक बोलपटालाच गर्दी करू लागले. थांबलं तर कंपनी बुडणार, उडी मारली आणि यंत्र जमलं नाही तरी कंपनी बुडणार. उडी मारायची ठरली. ध्वनिमुद्रण कोणी करायचं, तर दामले करतील!

दामल्यांनी तोपर्यंत ध्वनिमुद्रण केलेलं नव्हतं. कोल्हापुरात ते कोणीच केलेलं नव्हतं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, जो पडदे रंगवत, कॅमेरे उघडत इथवर आला, तो माइक, अॅम्प्लिफायर, व्हॉल्व्ह आणि मोटरी समजून घ्यायला बसला. आपण तिशीच्या आत नवीन लँग्वेज शिकायला कुरकुरतो. असो.

आता काम काय होतं ते नीट सांगतो, कारण लेखाचा जीव इथे आहे.

मूकपटाचा कॅमेरा हाताने हँडल मारून चालत असे. सेकंदाला साधारण सोळा चौकटी, पण कॅमेरामनच्या हाताप्रमाणे थोड्या कमी-जास्त. प्रोजेक्टर चालवणाराही आपल्या हाताने. मारामारी आली की जरा जोरात, रडारड आली की जरा हळू. बघणाऱ्याला फरक पडत नसे. डोळा फार क्षमाशील असतो. कान तसा नाही. गाण्याचा वेग पाच टक्के वाढला तर सूर चढतो आणि आपल्या देवल क्लबात बसणारा कोणीही श्रोता तोंड वाकडं करतो. म्हणून बोलपट आला तेव्हा पहिल्यांदा वेग पक्का बांधावा लागला : सेकंदाला चोवीस चौकटी. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. आज आपल्या मोबाइलमध्ये सिनेमाची फाइल चोवीस फ्रेमची दिसते ना, तो आकडा तेव्हापासूनचा. तो कानाने ठरवलेला आहे, डोळ्याने नाही!

वेग पक्का करून भागत नाही. चित्र घेणारं यंत्र आणि आवाज घेणारं यंत्र दोन वेगळी असतील तर दोघांची चाल एक राहिली पाहिजे. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. समजा एक मोटर दुसरीपेक्षा एका टक्क्याने जास्त धावली, तर रीळ संपेपर्यंत फरक साडेसहा सेकंदांचा. राजा बोलून खाली बसेल आणि मग त्याचा आवाज राणीच्या तोंडून येईल. एक टक्का सोडा, दहाव्या हिश्शाने चूक झाली तरी एका मिनिटात साठ मिलिसेकंद म्हणजे दीड चौकट सरकली. यावर त्या काळी जगभर जो तोडगा निघाला तो आपल्या मशीन्सच्या प्रॅक्टिकलमधला आहे. दोन्ही यंत्रांना सिंक्रोनस मोटर लावा आणि एकाच सप्लायवर चालवा. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, हे सूत्र आपण व्हायव्हासाठी पाठ करतो आणि विसरतो. त्याचा अर्थ असा की सप्लायची फ्रिक्वेन्सी थोडी हलली तरी दोन्ही मोटरी सारख्याच हलणार, दोघांमध्ये फाटाफूट होणार नाही. खरी वेळ किती झाली याला फारसं महत्त्व नाही, दोघांनी एकाच घड्याळाकडे बघण्याला आहे.

आणि सुरुवात? दोन रिळं जुळवायची कुठून? त्यासाठी ती पाटी, जी आता सगळ्या लग्नाच्या अल्बमवाल्यांकडेही असते. पाटीची फळी खाडकन आपटली की चित्रात ती मिटलेली चौकट सापडते आणि ध्वनिपट्टीवर आवाजाची खूण सापडते. दोन खुणा समोरासमोर ठेवा. आमच्या अॅपमध्ये नेमकं हेच नव्हतं. एकदा एकत्र सोडले की दोन प्लेअर एकत्रच पळतील, असा आमचा भोळा समज होता.

अजून एक गंमत आहे. ध्वनिपट्टी फिल्मच्याच कडेला छापलेली असते, पण ज्या चौकटीत ओठ हलतात तिच्या शेजारी त्याच शब्दाचा आवाज नसतो! तो साधारण वीस चौकटी पुढे छापतात. का? कारण चित्रासाठी फिल्मला थांबत थांबत, झटके खात जावं लागतं, आणि आवाजासाठी ती अगदी सलग, गुळगुळीत जावी लागते. एकाच जागी दोन्ही होणं शक्य नाही. म्हणून प्रोजेक्टरात चित्राची खिडकी वर, मध्ये फिल्मचा सैल फास, आणि खाली आवाज वाचणारं डोकं. झटके त्या फासात जिरतात. हा फास म्हणजे आपला बफर! मला हे कळलं तेव्हा मेसमध्ये चपाती तशीच हातात राहिली होती.

या सगळ्या जंजाळात दामल्यांनी कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ ध्वनिमुद्रित केला. गोष्ट राजा हरिश्चंद्राची. दिग्दर्शन शांतारामांचं, कॅमेरा धायबरांचा, कलादिग्दर्शन फत्तेलालांचं, आवाज दामल्यांचा. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. तारामती दुर्गा खोटे. सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत केला, म्हणजे बोलणं आलं की प्रसंग दोनदा. आणि ते दिवस असे की गाणं जागेवरच म्हणायचं. नट कॅमेऱ्यासमोर गातोय, पेटी-तबलावाले चौकटीबाहेर कुठेतरी दडून बसलेत, माइक कोणालाही दिसू नये असा लपवलाय, आणि कॅमेऱ्याची स्वतःची घरघर माइकात शिरू नये म्हणून तोही झाकायचा. मध्येच कावळा ओरडला तर पुन्हा पहिल्यापासून. नटाला मान वळवली की आवाज लहान, पुढे वाकला की मोठा. मूकपटात जिथे दिग्दर्शक ओरडून ओरडून सूचना देत असे, तिथे आता सगळ्या स्टुडिओने श्वास धरून बसायचं, आणि कानाला हेडफोन लावलेल्या माणसाने मान हलवली तर ठीक. तो मान हलवणारा माणूस दामले. मुळात कमी बोलणारा. बोलपट बोलका करायला अबोल माणूस सापडला, हा योग बघा.

‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईत प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याची नोंद होते. ‘आलम आरा’ची प्रत आज कुठेच शिल्लक नाही, त्यामुळे आज बघता येणाऱ्या भारतीय बोलपटांत ‘अयोध्येचा राजा’ सर्वांत जुना मानतात. म्हणजे ऐकू येणाऱ्या भारतीय सिनेमाचं सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण कोल्हापूरचं, आणि ते करणाऱ्याचा तो पहिलाच प्रयत्न! हे वाक्य मी होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावणार होतो, रेक्टरनी परवानगी दिली नाही.

त्यानंतर कोल्हापुरात ‘अग्निकंकण’, ‘मायामच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ झाले. शेवटच्याला रंग द्यायचा प्रयत्न जर्मनीत नेऊन केला, तो फसला. १९३३ मध्ये प्रभातने आपला तळ पुण्याला हलवला. कोल्हापूरकर म्हणून हे लिहिताना जरा जिवावर येतं, पण धंद्याला पुणं सोयीचं होतं.

पुण्यातला पहिला सिनेमा ‘अमृतमंथन’, १९३४ चा. इथे एका वादाची नोंद करायला हवी. आधी गाणं मुद्रित करून ठेवायचं, मग सेटवर ते लाउडस्पीकरवर वाजवायचं आणि नटाने त्याबरहुकूम ओठ हलवायचे, ही पद्धत भारतात प्रथम कोणी आणली? पुस्तकांत बहुधा श्रेय कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सला आणि १९३५ च्या ‘भाग्यचक्र’ला, म्हणजेच हिंदी ‘धूपछाँव’ला मिळतं. प्रभातची बाजू सांगणारे म्हणतात की दामल्यांनी ‘अमृतमंथन’मध्ये शांता आपट्यांच्या गाण्यासाठी ते आधीच करून दाखवलं होतं. न्यायनिवाडा करणारा मी कोण! पण या पद्धतीत नेमकं काय उलटलं ते मात्र आमच्या कामाचं निघालं. जागेवर गाताना चित्र आणि आवाज एकदम जन्माला येतात, दोघे बरोबरीचे. प्लेबॅकमध्ये आवाज आधी तयार असतो. तो आपल्या चालीने जाणार. चित्राने, म्हणजे नटाच्या ओठांनी आणि कॅमेऱ्याच्या मोटरीने, त्याच्या मागून जायचं. मालक आवाज, चाकर चित्र. पार्श्वगायकाला आपण प्लेबॅक सिंगर का म्हणतो हे मला आजवर कळलं नव्हतं, आणि अॅपच्या कोडमध्ये दिवसातून पन्नास वेळा प्लेबॅक लिहीत होतो.

आवाजच मालक का असावा? त्याचं उत्तर खासबाग मैदानात मिळतं. वरच्या पायरीवर बसून कुस्ती बघा. पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा हात मांडीवर पडलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सिनेमाच्या एका चौकटीच्या वेळात जेमतेम १४ मीटर. चाळीस मीटरवरून बघणाऱ्याला आवाज तीन चौकटी उशिरा मिळतो, आणि त्याला त्यात काहीच खटकत नाही. जन्मापासून आपण वीज आधी आणि गडगडाट नंतर असंच जगलो आहोत. पण शड्डूचा आवाज आधी आला आणि हात नंतर पडला, तर? लगेच काहीतरी चुकलंय असं वाटतं. दूरचित्रवाणीसाठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे तिच्यात हे आकड्यांत आहे : आवाज ४५ मिलिसेकंद लवकर आला तरी माणसाला जाणवू लागतं, उशीर मात्र सुमारे १२५ पर्यंत चालून जातो. शिवाय चित्रातली एखादी चौकट गाळली तर डोळा माफ करतो. आवाजातला एवढासा तुकडा गाळला तर टक् असा खटका ऐकू येतो. म्हणून शहाणे प्लेअर आवाजाचं घड्याळ खरं धरतात. प्रत्येक चौकटीवर तिची वेळ लिहिलेली असते. चौकट लवकर आली तर थांबवून धरतात, फार उशिरा आली तर टाकून देतात.

परत दामल्यांकडे येऊ. १२ डिसेंबर १९३६ ला ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. एकाच थिएटरात हा सिनेमा वर्षापेक्षा जास्त चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन नावाजला गेला. आपल्या आजीपणजींनी थिएटरच्या दारात चपला काढून तो बघितला असं घरोघरी सांगतात. यात शांताराम आठवल्यांनी तुकोबांच्या वळणावर एक अभंग नवा लिहिला होता, तो इतका जमला की पुष्कळांनी तो गाथेतलाच समजला. मला मात्र आता हा सिनेमा बघताना वेगळंच दिसतं. तुकाराम भजन म्हणतात तेव्हा टाळ कुठे पडतो आणि हात कुठे मिटतो ते बघा. सहज वाटतं. ज्या माणसाने पाच वर्षं हेडफोन लावून ओठ आणि शब्द जुळवले, तो दिग्दर्शक झाल्यावर गाणं आणि प्रसंग वेगळे ठेवत नाही. यातली गाणी थांबून ऐकायला लावत नाहीत, घरातलं काम चालू असताना ती चालू राहतात. आवली तणतणत असते आणि हे गात असतात. हे माझं मत, फिल्म सोसायटीवाल्यांनी रागावू नये.

पुढे जोडीने ‘गोपालकृष्ण’ १९३८ मध्ये पुन्हा केला, या वेळी बोलका. मग १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’, आणि १९४१ मध्ये राजा नेन्यांबरोबर ‘संत सखू’. दामले स्टुडिओचा कारभारही बघत. १९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले. ती मोडतोड दामल्यांच्या डोळ्यांदेखत झाली. ५ जुलै १९४५ ला ते गेले. वय त्रेपन्नही पुरं नव्हतं. त्यानंतर कंपनी आठएक वर्षं कशीबशी चालली आणि मिटली. पुण्यातल्या त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, जिथे आज साउंड रेकॉर्डिंगचा रीतसर कोर्स आहे. ज्यांनी तो कोर्स कुठेच केला नव्हता त्यांच्या आवारात.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांची मूळ रिळंही त्यात गेली. नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही, जळताना लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते. नंतरच्या प्रती होत्या म्हणून सिनेमे वाचले. दामलेमामांवर ‘बोलपटांचा मूकनायक’ नावाचा माहितीपट वीरेंद्र वळसंगकरांनी केला, त्याला २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शांतारामांचं नाव सगळ्यांना ठाऊक, फाळक्यांचं ठाऊक, दामल्यांचं नाव सांगायला माहितीपटालाही ‘मूक’ शब्द वापरावा लागला. आवाजवाल्याचं असंच असतं. काम चोख झालं तर कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि चुकलं तर सगळं थिएटर मागे वळून बघतं. गॅदरिंगला साउंड सिस्टिमवर बसणाऱ्या आमच्या मित्रांना विचारा.

आता आमच्या अॅपचं. दोन स्वतंत्र प्लेअरची कल्पना आम्ही काढून टाकली. आवाजाचं घड्याळ मालक ठेवलं आणि चित्राला त्याच्या मागे बांधलं. दर थोड्या वेळाने दोन्हींची वेळ ताडून बघायची. किरकोळ फरक असेल तर चित्राने चौकट टाकून किंवा धरून गाठ घ्यायची. पण एक नियम आम्ही आमचा घातला, प्रॅक्टिकलचा विषय आहे म्हणून : नेट अडकून चित्र थांबलं तर आवाजानेही थांबायचं, आणि दोघांचा बफर भरल्याशिवाय कोणीच सुरू व्हायचं नाही. चक फिरत असताना जॉब काढायचा आदेश आता येत नाही. सरांनी तीन वेळा मुद्दाम नेट बंद करून बघितलं. मार्कांची शीट उघडली आहे, भरलेली अजून नाही.

त्या रात्री रूमवर आम्ही चौघांनी मोबाइलवर ‘अयोध्येचा राजा’ लावला. ब्लूटूथचा स्पीकर जोडला, तर दुर्गा खोट्यांचे ओठ हलून गेल्यावर शब्द यायला लागले. जुनी प्रत, दामल्यांची चूक, असं एक जण म्हणालाच. मग शेजारच्या रूममधून वायरचा इयरफोन मागून आणला, एक कान माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे. दीड-दोनशे मिलिसेकंद स्पीकरवालाच खात होता. मामांचं बरोबर होतं.